शेजारच्या आजींची कॉकनी

सायली_डॅगनम

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. लंडनच्या पूर्व टोकाला डॅगनममध्ये मी गेली बारा वर्षं राहते आणि औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. शाळा-कॉलेज पुण्यात, सगळं शिक्षण इंग्रजीतून. त्यामुळे इथे भाषेची अडचण येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सत्तरीचे एक गृहस्थ आले, काउंटरला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मी प्लाइट्स आर किलिन' मी, डार्लिन'." मला त्यातलं 'प्लेट' तेवढं कळलं. कवळीबद्दल बोलत असतील असं समजून मी कवळी साफ करायच्या गोळ्या पुढे ठेवल्या. ते रागावले नाहीत. शांतपणे एक बूट काढला आणि भेगाळलेली टाच दाखवली. 'प्लेट्स ऑफ मीट'चं यमक 'फीट'शी जुळतं, म्हणून प्लेट्स म्हणजे पाय. शेवटचा, यमकाचा शब्द बोलताना गाळायचा. ही झाली कॉकनीची, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतल्या इंग्रजी बोलीची, यमकबोली. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी पहिल्यांदा आजूबाजूचं बोलणं कान देऊन ऐकलं.

मग शेजारच्या आजींची ओळख झाली. त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. जन्म पूर्व लंडनमधल्या पॉप्लरचा, वडील गोदीत हमाल. युद्धात घर गेलं, लग्नानंतर इकडे बेकनट्रीच्या वसाहतीत आल्या आणि इथल्याच झाल्या. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला जाते. पहिले सहा महिने त्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. आता त्यांचा आवाज ऐकला नाही तर आठवडा अपुरा वाटतो.

त्यांच्या तोंडचं इंग्रजी कसं लागतं ते लिहून बघते. 'थ' नाही, त्या जागी 'फ': थिंक म्हणजे फिंक, थ्री म्हणजे फ्री. मदर, ब्रदरमधल्या 'द'चा 'व': मवा, ब्रवा. सुरुवातीचा 'ह' गळतो, म्हणून हाउस झालं आउस. मिल्कमधला 'ल' विरघळतो आणि 'मिउक' उरतं. 'डे'चं 'डाय', 'मेट'चं 'माइट'. शब्दाच्या मधला 'ट' तर उच्चारतच नाहीत, तिथे घसा क्षणभर बंद होतो आणि उघडतो: बॉ'ल (बॉटल), वॉ'अ (वॉटर), बे'अ (बेटर). आपण बाळाला 'अं-हं' म्हणतो तेव्हा मध्ये जी बारीक अडक येते ना, तीच ही. 'माझं' म्हणायला 'माय'ऐवजी 'मी'. आणि नकार नेहमी दुहेरी: "आय आइन' गॉ' नफिंक." माझ्याकडे काही नाही, हे दोनदा 'नाही' म्हणून ठासून सांगायचं.

कॉकनी नक्की कोण? जुनी व्याख्या अशी की ज्याचा जन्म 'बो बेल्स'च्या, म्हणजे बो देवळाच्या घंटांच्या आवाजाच्या टप्प्यात झाला तो कॉकनी. इथे एक गैरसमज नेहमी होतो. पूर्वेकडे बो नावाचा भाग आहे, तिथलं हे देऊळ नव्हे. घंटा आहेत चीपसाइडवरच्या सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या, लंडनच्या ऐन जुन्या गावठाणात. १६६६च्या आगीत ते जळलं, वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने पुन्हा बांधलं, १० मे १९४१च्या बॉम्बवर्षावात घंटा खाली कोसळल्या. नव्याने ओतलेल्या घंटा १९६१ साली वाजल्या. व्याख्या काटेकोर धरली तर मधली वीस वर्षं एकही कॉकनी जन्मला नाही असं म्हणावं लागेल! हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण त्रेचाळीसची. तिला जाऊन सांग ती कॉकनी नाही म्हणून."

माझं मत सरळ आहे. ही बोली म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नाही. गोदीत, बाजारात, शिवणाच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचे नियम आहेत. आणि ती मेली असं जे छापून येतं ते मला पटत नाही. इथल्या, किंवा इथे राहून गेलेल्या मंडळींनी आपले अनुभव जरूर लिहावेत.


भाषावेडा_मिरज

सायलीताई, सुंदर धागा. यमकबोलीबद्दल थोडी भर घालतो.

ती साधारण १८४०च्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागते. जॉन कॅम्डन हॉटन यांच्या १८५९च्या बोलभाषेच्या कोशात तिची नोंद आहे. फिरते विक्रेते, हातगाडीवाले यांच्यात ती वाढली. रीत अशी: दोन शब्दांची जोडी घ्यायची, दुसऱ्याचं यमक हव्या त्या अर्थाशी जुळवायचं आणि बोलताना पहिलाच शब्द वापरायचा. 'बुचर्स हुक' म्हणजे 'लुक', म्हणून "टेक अ बुचर्स" म्हणजे जरा बघ. 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे 'हेड', म्हणून "यूज युअर लोफ" म्हणजे डोकं चालव. 'चायना प्लेट' म्हणजे 'मेट', दोस्त. 'पोर्क पाइज' म्हणजे 'लाइज', त्याचं लाडकं रूप 'पोर्कीज', थापा. 'बार्नेट फेअर' म्हणजे 'हेअर', म्हणून केसांना बार्नेट. बार्नेटची घोड्यांची जत्रा खरोखरच प्रसिद्ध होती. 'रोझी ली' म्हणजे 'टी'.

यमकाचा शब्द गळाला की बाहेरच्याला दुवाच सापडत नाही. ती या बोलीची किल्ली. आता यातले कितीतरी शब्द साऱ्या इंग्लंडभर पसरलेत आणि बोलणाऱ्याला मागे यमक आहे हे माहीतही नसतं. तोंडाने पुर्रर्र आवाज काढून चिडवण्याला इंग्रजीत 'रास्पबेरी' म्हणतात. त्याचं मूळ 'रास्पबेरी टार्ट', आणि यमक कशाशी ते जाणकारांनी ओळखावं.

याच विक्रेत्यांची दुसरी एक युक्ती होती, शब्द उलटा म्हणायची. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरिबांवर जे लेखन केलं, ते १८५१ साली पुस्तकरूपाने आलं. त्यात त्याने ही उलटबोली टिपून ठेवलीय. पेनीला 'येनेप', 'लुक, पोलीस'ला 'कूल एस्लॉप'. 'बॉय' उलटा करून झालेला 'यॉब' हा शब्द टवाळ पोराला आजही वापरतात. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत एकाला केवली, दोनाला आवारू, तिनाला उधानू म्हणत. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा तर असं काहीतरी लागतंच. चीपसाइड काय नि पेठ काय, बाजाराची गरज एकच.


नाशिकचा_समीर

इंग्रजी मालिकांत वेड लागलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. ते आमच्या देवळालीवरून आलंय असं लहानपणी आजोबा सांगायचे. मला ती गावगप्पा वाटायची. खरं काय?


भाषावेडा_मिरज

समीर, आजोबा बरोबर सांगत होते. १८६१ पासून देवळालीला ब्रिटिश फौजेचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबायचे. जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची, त्यामुळे हंगाम हुकला तर महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, उन्हाळा, हिवताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागली की म्हणायचे, याला 'डूलाली टॅप' झालाय. पूर्ण शब्द तोच. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळाला आणि देवळाली राहिली.

हे शिपाई बहुतेक गरीब घरांतले, त्यांत लंडनचे पुष्कळ. त्यांच्यासोबत 'डेको' गेला, म्हणजे 'देखो', एक नजर टाकणं. 'पका' गेला, म्हणजे पक्का, अस्सल. तो पूर्व लंडनात आणि शेजारच्या एसेक्स परगण्यात आजही 'फारच छान' या अर्थाने कानावर पडतो.


सायली_डॅगनम

देवळालीचं वाचून अंगावर काटा आला. माझी मावशी देवळाली कॅम्पात राहते! आजी हा शब्द रोज वापरतात.

अजून एक सांगते. त्या चहाला 'कप अ चा' म्हणतात. लिहिताना शेवटी 'र' लिहितात, पण 'र' उच्चारायची इथे पद्धत नाही, म्हणून ऐकायला येतो तो निव्वळ 'चा'. आमच्या सातारच्या घरी आजी जसा म्हणायची अगदी तसा. शब्द मुळात चिनी, पण हिंदुस्थानात राहिलेल्या पलटणींमधून या बोलीत रुळलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला भरून आलं होतं.


विनायक_काका

धागा वाचनीय आहे, पण मी वेगळं मत मांडतो.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बोलीचं कौतुक करावं, पण त्या मुलांचं पुढे काय होतं तेही बघावं. 'फिंक' आणि 'आइन' गॉ' नफिंक' म्हणणाऱ्या मुलाला मुलाखतीत कोण उभं करणार? शाळेने त्याला प्रमाण भाषा नीट शिकवली नाही तर ते त्याचं नुकसान आहे. आपल्याकडेही 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात. हसू नये, हे शंभर टक्के मान्य. पण 'पाणी' म्हणायला शिकवू नये का?


सायली_डॅगनम

विनायककाका, तुमचा मुद्दा मी हलका धरत नाही. शिकवावं. पण कसं शिकवायचं त्यावरच सगळं आहे.

१९०९ साली लंडन काउंटी कौन्सिलने प्राथमिक शाळांतल्या इंग्रजीवर परिषद घेतली. तिच्या अहवालात कॉकनीबद्दल असं म्हटलंय की हा कानाला न रुचणारा हेल म्हणजे अलीकडची विकृती आहे, तिला कसलाही अधिकृत वारसा नाही, आणि साम्राज्याच्या राजधानीतल्या कुणाही माणसाने ती बोलणं शोभत नाही. ज्या मुलांच्या आया-आज्या ती बोलत होत्या, त्यांच्या शाळांसाठी लिहिलेलं हे. अलीकडची विकृती हे तर मुळातच चूक. दुहेरी नकार चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या इंग्रजीत सर्रास आहे. प्रमाण इंग्रजीने तो मागाहून टाकला, कॉकनीने जपला.

आजींनी मला सांगितलंय की शाळेत बाई त्यांना वर्गासमोर उभं करून 'हाउ', 'हॅट', 'हॅमर' म्हणायला लावायच्या. 'ह' नीट येईपर्यंत बसू द्यायच्या नाहीत. घाबरून त्यांनी नसलेल्या जागीही 'ह' लावायला सुरुवात केली, 'एग'ला 'हेग' म्हणाल्या. वर्ग हसला. ही ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगताना त्यांचा हात टेबलावरच्या कापडाची कड दुमडत होता. त्या दिवसानंतर त्यांनी वर्गात आपणहून कधी हात वर केला नाही. काका, तुमच्या वर्गात असं झालं नसणार याची मला खात्री आहे. पण नुकसान कुठून सुरू होतं तेही बघायला हवं ना?

आणि याच बोलीत बोलणाऱ्या बायकांनी काय केलंय तेही सांगते. डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका १९६८ साली संपावर गेल्या. त्यांचं काम 'कमी कुशल' ठरवून पुरुषांपेक्षा कमी पगार दिला होता. सीटच नाही म्हटल्यावर गाड्यांचं उत्पादन थांबलं. त्यांची बाजू मंत्र्यांपर्यंत गेली आणि १९७०चा समान वेतनाचा कायदा येण्यामागे त्या संपाचा मोठा वाटा होता. त्यांना 'ह' लावून बोलावं लागलं नाही.


अलका_ठाणे

विनायककाका आणि सायली, दोघांचं वाचताना मला सारखी मंजुळा आठवत होती. मराठी माणसाची कॉकनीशी पहिली भेट तीच ना! बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, १९७५ साली ते रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा उभी केली. आईबरोबर बघितलेलं, अजून डोळ्यांसमोर आहे. पुलंनी कॉकनीच्या जागी मुंबईच्या रस्त्यावरची मराठी आणली. एका बोलीचं भाषांतर दुसऱ्या बोलीतच होऊ शकतं हे त्यांनी ओळखलं होतं. प्रमाण मराठीत ते नाटक उभंच राहिलं नसतं.

शॉच्या नाटकातली इलायझा लिसन ग्रोव्हची, म्हणजे ईस्ट एंडपासून, पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्त्यांपासून, बरीच पश्चिमेला. तरी जग तिला कॉकनीच म्हणतं. घंटेच्या आवाजावर काही ही बोली अडून बसली नव्हती, लंडनच्या कष्टकरी वस्त्यांमध्ये सगळीकडेच ती होती.


मालवणी_माशेखाऊ

सायलीताई, जेवणाखाण्याचं काहीच लिहिलं नाहीत! तिकडे वाम मासा जेलीत घालून थंड खातात असं ऐकलंय. आमच्याकडे वामीचं तिखलं करतात. थंड वाम ही कल्पनाच पचत नाही. तुम्ही खाल्लीत का?


सायली_डॅगनम

खाल्ली. मी मूळची शाकाहारी घरातली, इथे येऊन मासे खायला लागले, त्यामुळे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

ती दुकानं म्हणजे 'पाय अँड मॅश'ची. लंडनला आता मोजकीच उरलीत. आत शिरल्यावर पांढऱ्या-हिरव्या टाइल्सच्या भिंती, संगमरवरी टेबलं आणि चर्चमधल्यासारखे लांब लाकडी बाक. अनोळखी माणसाच्या शेजारी सरकून बसायचं. समोर येते खिम्याची पाय (इंग्रजी 'pie', पिठाच्या आवरणात भाजलेला खिमा), वाटीने नाही तर सुरीने ताटलीच्या एका कडेला थापलेला बटाट्याचा लगदा, आणि त्यावर हिरवा रस्सा. त्याला म्हणतात 'लिकर', पण दारूचा थेंब नसतो. पार्सलीचा रस्सा तो, पूर्वी वाम उकडलेल्या पाण्यात करत. वर मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर. सुरी न घेता काट्या-चमच्याने खायचं. आजींनी पायची पालथी बाजू वर केली, तिला चमच्याने भोक पाडलं आणि त्यात व्हिनेगर ओतलं. "आधी तिला प्यायला दे," म्हणाल्या.

थेम्समध्ये वाम उदंड मिळायची, बाकी मटण-मासळी परवडायची नाही. वाम उकडली की तिच्याच अंगच्या चिकटपणाने रस्सा निवून थिजतो, वेगळी जेली घालावी लागत नाही. गरिबाचं अन्न, बिनखर्चाचं टिकाऊ. चव सांगायची तर मऊ, किंचित आंबट आणि मध्ये काटा. काटा ताटलीत काढून ठेवायचा. मला आवडली असं म्हणणार नाही, पण आजी ती ज्या एकाग्रतेने खात होत्या ते बघत राहावंसं वाटलं. माझ्या आजीचा सुकटीच्या शेजारणीशी... असो, तो वेगळा धागा होईल.


दर्यावर्दी_रत्नागिरी

इथे आमच्या भागाचा उल्लेख यायलाच हवा.

लंडनच्या गोदीत कोकणातली माणसं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उतरत होती. रत्नागिरीकडचे खलाशी, बरेचसे मुसलमान, इंग्रजांच्या आगबोटींवर डेकवर काम करायचे. गोव्याची मंडळी बटलर आणि स्वयंपाकघरात. त्यांना 'लास्कर' म्हणत. परतीची बोट मिळेपर्यंत लंडनमध्ये अडकून पडायचे, थंडीने मरायचे. त्यांच्यासाठी १८५७ साली लाइमहाउसला वेस्ट इंडिया डॉक रोडवर आशियाई खलाशांचं एक वसतिगृह उघडलं होतं. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने गेलेल्या आणि तिथेच सोडून दिलेल्या आयांसाठीही लंडनच्याच हॅकनी भागात 'आयाज होम' होतं. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली.

आमच्या घरात पणजोबांच्या बोटीच्या गोष्टी अजून सांगतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोदीतल्या गोऱ्या हमालांशी ते बोलायचे म्हणे. कुठल्या इंग्रजीत बोलत असतील ते आज हा धागा वाचून कळलं.


सायली_डॅगनम

दादा, हे वाचून मी बराच वेळ थांबले. आजींचे वडील वेस्ट इंडिया डॉकमध्येच होते. १८०२ साली सुरू झालेली ती गोदी १९८० साली बंद पडली, आता तिथे बँकांचे काचेचे मनोरे आहेत. तुमच्या पणजोबांच्या पिढीतली माणसं आणि आजींच्या आजोबांच्या पिढीतली एकाच धक्क्यावर उभी राहिली असणार.


गंपू_ठाकूर

इथे पाचशे पौंडांना 'मंकी' आणि पंचवीसला 'पोनी' म्हणतात. हिंदुस्थानातल्या जुन्या ५०० रुपयांच्या नोटेवर माकड होतं आणि २५च्या नोटेवर तट्टू, त्यावरून हे आलं. शिपायांनी नेलं. देवळालीसारखंच.


भाषावेडा_मिरज

गंपूशेठ, ही गोष्ट फार पसरलीय पण खरी नाही. 'पोनी' हा शब्द या अर्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. भारत सरकारच्या नोटा आल्या त्या १८६१च्या कायद्यानंतर, आणि माकड किंवा तट्टू छापलेली नोट कुठल्याही संग्रहात नाही. देवळालीचा दाखला पक्का आहे म्हणून हा पक्का होत नाही.

पण आपल्याकडचं खरं नातं याहून खोल आहे. लंडनच्या बोलीत रोमानी लोकांच्या भाषेतून बरेच शब्द आलेत. ही माणसं हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेली, त्यांची भाषा आपल्याच कुळातली. 'पॅल' म्हणजे मित्र. तो रोमानी 'फ्राल', म्हणजे भाऊ, संस्कृत 'भ्रातृ'चा वंशज. पैशाला 'वाँगा' म्हणतात तो रोमानीत कोळसा, आपला 'अंगार'. 'चाव' ही आता शिवी झालीय, पण रोमानी 'छावो' म्हणजे मुलगा, आणि आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ 'छावा' किती मानाने नांदतोय बघा.


ऋता_हॅकनी

मी हॅकनीत माध्यमिक शाळेत शिकवते. सायली, तुझं सगळं पटलं, फक्त 'कॉकनी मेली नाही' यावर लिहायचंय.

माझ्या वर्गात तीसेक मुलं. घाना, जमैका, तुर्कस्तान, बांगलादेशातलं सिल्हेट, पोलंड, आणि जुन्या लंडनच्या गोऱ्या घरांतली चार-पाच. सगळी एकच इंग्रजी बोलतात आणि ती कॉकनी नाही. जेनी चेशायर, पॉल करस्विल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून इथे हॅकनीतच मुलांचं बोलणं नोंदवून अभ्यास केला. तिला त्यांनी बहुसांस्कृतिक लंडन इंग्रजी म्हटलं. करस्विल यांनी २०१० साली असंही सांगितलं होतं की तीसेक वर्षांत लंडनच्या रस्त्यांवरून कॉकनी नाहीशी होईल.

ऐकताना फरक स्पष्ट कळतो. गळालेला 'ह' या मुलांच्या तोंडी परत आलाय. 'फेस'चं 'फाइस' होत नाही, स्वर आखूड आणि सपाट राहतो. पण 'थ'चा 'फ' तसाच आहे. आणि जो शब्द ही मुलं दर वाक्यात टाकतात, 'ब्रव', तो आला कुठून? ब्रदर, त्याचं ब्रवा, त्याचं ब्रव. म्हणजे आजींचाच उच्चार, सिल्हेटच्या नातवाच्या तोंडी.

हे इथे पहिल्यांदा होत नाहीये. ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ साली फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनो विणकरांनी ती चर्च म्हणून बांधली. मग मेथडिस्टांचं चॅपल झालं, १८९८ साली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६ पासून बंगाली मुसलमानांची मशीद आहे. भिंतीवर १७४३चं सूर्यघड्याळ अजून आहे. प्रत्येकाने जाताना शब्द मागे ठेवले. "कीप श्टूम", तोंड बंद ठेव, हे कॉकनीत ज्यूंच्या यिडिशमधून आलं. उद्या सिल्हेटीतून काय येईल ते आत्ताच माझ्या वर्गात शिजतंय.


सायली_डॅगनम

ऋता, तू नेमकं हेच लिहावंस म्हणून मी वाट बघत होते. तुझ्याशी भांडण नाहीच. हॅकनीतून ती गेली हे खरं, पण ती मेली नाही, तिने बिऱ्हाड हलवलं. बेकनट्रीची वसाहत १९२१ ते १९३५ मध्ये बांधली, सव्वीस हजारांच्या आसपास घरं, ईस्ट एंडच्या कोंदट चाळींतून आलेल्या कुटुंबांसाठी. युद्धानंतर बेझिल्डन, हार्लो ही नवी गावं झाली. माणसं गेली तिकडे बोली गेली. एसेक्स विद्यापीठातल्या अमांडा कोल यांनी डेबडेन या एसेक्समधल्या वसाहतीत अभ्यास केला तेव्हा त्यांना तिथे कॉकनीचे उच्चार नांदताना सापडले. फरक इतकाच की तरुण मुलं स्वतःला कॉकनी म्हणवत नाहीत, एसेक्सचे म्हणवतात.

मोत्यांच्या राजा-राण्यांबद्दलही ('पर्ली' म्हणतात त्यांना) लिहायचं राहिलंच होतं. हेन्री क्रॉफ्ट नावाचा अनाथाश्रमात वाढलेला झाडूवाला मुलगा. हातगाडीवाले आपल्या विजारीच्या शिवणीवर शिंपल्याची बटणं लावायचे, ते बघून त्याने अख्खा सूट बटणांनी मढवला आणि तो घालून इस्पितळांसाठी, गरिबांसाठी पैसे गोळा करू लागला. १९३० साली तो गेला तेव्हा शेकडो 'पर्ली' अंत्ययात्रेला आले होते. दर सप्टेंबरात सुगीच्या सणाला ही मंडळी सेंट मेरी-ल-बोला येतात. मी मुलीला घेऊन गेले होते. एका राणीने तिला बाहीवरची बटणं हाताने चाचपू दिली. थंडगार, जड, आणि प्रत्येक बटण हाताने टाचलेलं.


विनायक_काका

सायली, तुझं उत्तर दोनदा वाचलं. त्या 'हेग'च्या प्रसंगाने मला झोप लागली नाही. मीही मुलांना उभं केलंय. हेतू चांगलाच होता, पण केलंय. एवढंच लिहितो.

एक विचारायचं होतं. 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणजे 'स्टेअर्स', जिना, हे यमकबोलीचं उदाहरण सगळ्या पुस्तकांत पहिलं असतं. तुझ्या आजी खरंच तसं म्हणतात का? विचारून सांगशील?


सायली_डॅगनम

काका, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

काल गुरुवार होता, विचारलं. आजी म्हणाल्या, "जन्मात नाही. ते बाहेरच्यांना ऐकवायला. आम्ही जिन्याला जिनाच म्हणायचो." मग जरा थांबून म्हणाल्या, पण मुलांना झोपवायला न्यायचं असलं की त्यांची आई म्हणायची, चला आता लाकडी डोंगर चढून बेडफर्डशायरला. बेडफर्डशायर हा खराखुरा परगणा, आणि त्याच्या नावात 'बेड' आहे. पॉप्लरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जिना अकरा पायऱ्यांचा होता, खालून चौथी करकरायची, असं सगळं त्यांना आठवलं.

माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. रात्री नऊ वाजले, मी दिवा घालवला, तर ती पहिल्या पायरीवर उभी राहून मला म्हणते, "आई, ये ना, लाकडी डोंगर चढूया. आय आइन' टायड, बट आय'ल गो."